मास्तर कोण नेमायचा?

सोलापूर हे काही फुटबॉलचे गाव नव्हे, हे आधीच कबूल केलेले बरे. पॉली उम्रीगर आमच्या गावात जन्मले, हे आम्ही परगावच्या पाहुण्याला स्टेशनावरून घरी नेईपर्यंत दोनदा सांगतो. फुटबॉल पाहायचा असेल तर माणसाने कोल्हापूरला जावे. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस ही नावे नुसती उच्चारली तरी बोलणाऱ्याचा आवाज बदलतो. शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे पेठेच्या पेठा तिकडे लोटतात. आमच्याकडे तसे काही नाही. आमच्याकडे आहे ते एक चहाचे हॉटेल.

हे हॉटेल पार्क चौकापासून हाकेच्या अंतरावर आहे. संध्याकाळी सहा ते आठ जिन्याखालचे मोठे टेबल आमच्या मंडळींचे. त्यात एक वकीलसाहेब आहेत. समोरच्याचे म्हणणे पटले तरी त्यावर अपील करायचे, हा त्यांचा धर्म. चादरीचे व्यापारी अण्णा आहेत. ते घरी तेलुगू बोलतात, दुकानात मराठी बोलतात आणि उधारी मागायची झाली की कन्नड बोलतात. एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. शिवणकाम करणारे चाचा आहेत; त्यांचे आजोळ हैदराबादचे, त्यामुळे फुटबॉल ही त्यांची घरची इस्टेट. आणि पाचवा मी, सरकारी कचेरीतून सुटलेला, ज्याला घरी कोणी विचारीत नाही म्हणून जगाचे निर्णय इथे येऊन घेतो.

२०२५ च्या जुलै महिन्यात या टेबलावर एक मोठा प्रश्न येऊन पडला. भारताच्या फुटबॉल संघाला मास्तर नव्हता. त्याआधी पाच वर्षे क्रोएशियाचे इगोर स्टिमाच होते. २०२४ च्या जूनमध्ये त्यांना निरोप मिळाला. मग स्पेनचे मानोलो मार्केझ आले. त्यांच्या आठ सामन्यांत एकच विजय, तोही मालदीववर. २०२५ च्या जूनमध्ये हाँगकाँगकडून एका गोलाने हार झाली आणि तेही गेले. महासंघाने जाहिरात दिली आणि १७० अर्ज आले.

अण्णा थक्क झाले. म्हणाले, "दुकानात माणूस पाहिजे म्हणून मी पाटी लावतो तेव्हा तीन जण येतात. त्यातले दोघे पगार ऐकून चहा न पिता जातात. एकशेसत्तर?"

"गोरा आणा," मामा म्हणाले. "एकच शब्द सांगतो. गोरा आणा. आपली पोरं आपल्या माणसाचं ऐकत नाहीत. मी तीस वर्षं गाडीत 'पुढं सरका, पुढं सरका' ओरडलो, कोण सरकलं? एकदा एक साहेब चढला, नुसतं 'प्लीज' म्हणाला, तर निम्मी गाडी मोकळी."

"गोराच होता की वो मामा," वकीलसाहेब म्हणाले. "क्रोएशियाचा गोरा, स्पेनचा गोरा. आठात एक विजय. आता आपला माणूस पाहिजे. याला आपल्या ड्रेसिंग रूममधली भाषा कळेल."

"कुठली भाषा?" अण्णांनी विचारले. "त्या संघात मणिपूरचे, मिझोरामचे, केरळचे, गोव्याचे, पंजाबचे. आपल्या ह्या टेबलावर चार भाषा आहेत, तरी बिल कोण देणार ते रोज कळत नाही."

तेवढ्यात बातमी आली की अर्जदारांत बार्सिलोनाच्या झावीचे नाव आहे. हॉटेलात जो गलका उडाला तो काय सांगू! मामांनी दुसरा चहा सांगितला, आणि हे त्यांच्या हातून वर्षात दोनदाच घडते. चाचांनी तर झावीने सोलापुरात सराव शिबिर घ्यावे म्हणून कुठल्या मैदानावरची कुसळे आधी काढावी लागतील याचा हिशेब मांडला. पुढे महासंघाने खुलासा केला की झावीच्या आणि पेप ग्वार्दिओलाच्या नावाने आलेले ते ई-मेल खरे नव्हते. मामांनी सांगितलेल्या चहाचे पैसे मात्र खरे द्यावे लागले.

शेवटी तीन नावे उरली. इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाईन, जे आधी दोनदा भारताचे प्रशिक्षक होऊन गेले होते. स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय संघाला शिकवलेले स्टेफान तारकोविच. आणि खालिद जमील. जमील म्हणजे मुंबईच्या मैदानांत खेळलेला आणि मुंबई एफ.सी.ला अनेक वर्षे शिकवलेला माणूस. २०१६-१७ मध्ये त्यांनी मिझोरामच्या ऐझॉल संघाला आय-लीग जिंकून दिली. तो संघ त्याच्या आदल्या हंगामात खालच्या वर्गात ढकलला गेला होता आणि गोव्याच्या संघांनी माघार घेतली म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली होती. म्हणजे नापास झालेल्या मुलाला जागा रिकामी आहे म्हणून वर्गात बसू द्यावे आणि त्याने बोर्डात पहिले यावे, तसा तो प्रकार. १ ऑगस्टला जमीलांचे नाव जाहीर झाले. २०१२ नंतर तेरा वर्षांनी राष्ट्रीय संघाला भारतीय मास्तर मिळाला होता.

वकीलसाहेबांनी त्या दिवशी सर्वांना भजी दिली. आणि महिनाभर सारे कसे गोड होते! २९ ऑगस्टला ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ हरवले. इराणकडून तीन गोल खाल्ले, ते आम्ही इराणचे मोठेपण म्हणून सोडून दिले. ८ सप्टेंबरला ओमानला पेनल्टीवर हरवून मध्य आशियाई स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. त्या रात्री हॉटेलात 'गोरा आणा' म्हणणारा एकही माणूस शोधून सापडला नसता. खुद्द मामा म्हणत होते, "मी पहिल्यापासून सांगत होतो, आपला माणूस पाहिजे."

मग आला १४ ऑक्टोबर. मडगावला, आपल्याच मैदानावर, सिंगापूरने आपल्याला २-१ ने हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. दिवाळी आठवड्यावर आलेली. चौकात आकाशकंदील लागलेले, आणि आमच्या टेबलावर सुतक.

"काढा त्याला," मामा म्हणाले.

"अडीच महिने दिले, पुष्कळ झाले," वकीलसाहेब म्हणाले. भजी त्यांनीच दिली होती.

"गिऱ्हाईक तुटलं की माणूस बदलावा लागतो," अण्णा म्हणाले.

आता सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी तोंड उघडले आणि म्हणालो, "मुलांच्या भल्यासाठी कधी कधी कटू निर्णय घ्यावा लागतो."

हे वाक्य तोंडातून गेले आणि माझे मलाच कसेसे झाले. कारण ते मी नव्याने बोललो नव्हतो. तेच्या तेच वाक्य मी दीड वर्षापूर्वी एकदा बोललो होतो. आणि आता वाचकांना ती हकिगत सांगणे भाग आहे. ती सांगायची म्हणूनच हा एवढा पाल्हाळ लावला.

आमच्या वसाहतीमागे एक मोकळे मैदान आहे. तिथे एक कवाईत मास्तर रोज सकाळी मुलांना फुटबॉल शिकवीत. शाळेतून निवृत्त झालेले, वय सत्तरीपुढचे. गळ्यात सुताच्या दोरीला बांधलेली शिट्टी, खांद्यावर गोणपाटाची पिशवी, तिच्यात तीन चेंडू. तिन्हींचा फुगीरपणा वेगवेगळा. पैसा घेत नसत. वर्षातून एकदा गुरुपौर्णिमेला मुलांनी आणलेला नारळ घेत आणि तोही फोडून मुलांनाच वाटीत. त्यांची एक विचित्र सवय होती. आठवड्यातले दोन दिवस ते सांगत, आज उजव्या पायाने चेंडूला शिवायचे नाही. डावखुऱ्यांना उलट सांगत. माझा नातू त्या दोन दिवशी पोट दुखते म्हणून घरी राही.

२०२४ च्या मे महिन्यात हा संघ कोल्हापूरला एका स्पर्धेला गेला. सांगोला, मिरज करीत एस.टी.ने आम्ही चार पालकही बरोबर गेलो. पहिल्याच सामन्यात कोल्हापूरच्या पोरांनी आमच्या पोरांना सहा गोल घातले. आमचा एकही नाही. मास्तर रेषेवर उभे होते. सहाव्या गोलानंतर त्यांनी टाळी वाजवली आणि ओरडले, "पास चांगला होता रे त्यांचा! बघितला का?" आमच्यातले एक पालक लालबुंद झाले. परतीच्या गाडीत मिरजेपर्यंत कोणी बोलले नाही आणि मिरजेनंतर सगळेच बोलू लागले.

दुसऱ्या रविवारी मैदानाच्या कडेला सभा भरली. ठरले असे, की आता काळ बदलला आहे, लायसन असलेला तरुण प्रशिक्षक हवा. प्रत्येक घरामागे महिना चारशे रुपये काढायचे. मास्तर चेंडूची पिशवी पायाशी ठेवून उभे होते. त्यांच्याकडे न बघता कोणीतरी बोलायला हवे होते. सरकारी कचेरीत अशी पत्रे लिहिण्यात माझे आयुष्य गेलेले, मीच उठलो. "मास्तरांविषयी आम्हां सर्वांना आदरच आहे," मी म्हणालो, "परंतु मुलांच्या भल्यासाठी कधी कधी कटू निर्णय घ्यावा लागतो." हात वर झाले. त्यात पहिला हात माझा.

मास्तर एवढेच म्हणाले, "पिशवी कुणाकडं देऊ?" आणि ती त्यांनी माझ्याकडेच दिली.

नवा मुलगा वाईट नव्हता, हेही सांगितले पाहिजे. फुटबॉलच्या शिक्षणाचे डी लायसन त्याने घेतले होते. रंगीत शंकू मांडून कवाईत घेई, मुलांना पाणी केव्हा प्यावे ते सांगे, कोणावर ओरडत नसे. पण चार महिन्यांनी त्याला पुण्याला बरी नोकरी लागली आणि तो गेला. जाणारच, चारशे रुपयांच्या वर्गणीत कोण किती दिवस राहील? त्यानंतर दुसरा शोधू म्हणता म्हणता पावसाळा गेला, वर्गणी थांबली, मुले पांगली. नातू मोबाईलवर फुटबॉल खेळू लागला. तीन चेंडूंची ती पिशवी आमच्या कपाटाखाली होती. आमची ही दर दिवाळीला ती झाडूने बाहेर ओढी, "याचं काय करायचं?" म्हणून विचारी, आणि मी "असू दे" म्हणे.

तर त्या १४ ऑक्टोबरच्या रात्री मी गप्प झालो. पण चाचा बोलू लागले, ते मात्र मला उद्देशून नव्हते. माझी हकिगत त्यांना ठाऊकही नव्हती.

"माझे मामू सांगायचे," ते म्हणाले, "हैदराबादला रहीमसाब होते. सय्यद अब्दुल रहीम. शाळेत मास्तर. हैदराबाद सिटी पोलीसचा संघ त्यांनी बनवला. मुंबईचा रोव्हर्स कप १९५० पासून लागोपाठ पाच वर्षं घेऊन गेले. पोरांना काय करायला लावायचे, माहीत आहे? ज्या पायाने खेळता येत नाही त्याच पायाने खेळायचे सामने लावायचे!"

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

"१९५१ साली त्यांनी दिल्लीच्या आशियाई खेळांत सुवर्णपदक आणलं," चाचा पुढे म्हणाले. "आणि पुढच्याच वर्षी हेलसिंकीला ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं आपल्याला किती मारले? दहा! दहाला एक. आपले कित्येक जण अनवाणी खेळत होते. आता वकीलसाहेब, तुम्ही सांगा. त्या दिवशी आपलं हे टेबल असतं, तर रहीमसाबांना घरी पाठवलं असतं की नाही?"

वकीलसाहेबांनी अपील केले नाही.

"पण १९५६ ला मेलबर्नला संघ पुन्हा त्यांच्याकडेच दिला. यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ नं हरवलं, नेव्हिल डिसोझानं तीन गोल मारले आणि आपण चौथे आलो. ऑलिंपिकमध्ये चौथे! आणि १९६२ ला जकार्तात सुवर्णपदक. समोर दक्षिण कोरिया, सगळं स्टेडियम आपल्याविरुद्ध, जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके. तो बचावातला खेळाडू. रहीमसाबांनी त्याला पुढे खेळवला आणि त्यानं गोल केला. दुसरा पी. के. बॅनर्जीचा. २-१. त्या वेळी रहीमसाबांना कॅन्सर होता. पुढच्या जूनमध्ये गेले. दहा गोल खाल्ल्यावर दहा वर्षांनी जकार्ता, जनाब. दहा गोल, दहा वर्षं."

मामा म्हणाले, "पण प्रत्येक जण काही रहीमसाहेब नसतो."

आणि हेही खरे आहे, वाचकहो. मी त्या रात्री घरी जाताना हाच विचार करीत होतो. हरलेल्या प्रत्येक मास्तराच्या पोटात एक जकार्ता दडलेले असतेच असे नाही. काही मास्तर खरोखरच बदलावे लागतात. पण ते कळायचे कसे? राष्ट्रीय संघाचा मास्तर म्हणजे दुसऱ्यांनी मळलेल्या कणकेच्या पोळ्या लाटणारा माणूस. खेळाडू वर्षभर आपापल्या क्लबांत. याच्या हाती येतात ते सामन्याआधीचे थोडे दिवस. कणीक कुठे मळली जाते? ती असल्याच एखाद्या वसाहतीमागच्या मैदानावर, दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या पायांत. आणि तिथला मास्तर तर मीच काढला होता. झावी येतो की तारकोविच, याची चौकशी करायला मला महिनाभर वेळ होता. आमच्या मास्तरांकडे पाहायला मला दीड वर्षात वेळ झाला नव्हता. रस्त्यात ते लांबून दिसले की मी रस्ता ओलांडीत असे.

पाडव्याच्या सकाळी एका हातात फराळाचा डबा आणि दुसऱ्या हातात ती पिशवी घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत होते. मला वाटले होते, म्हाताऱ्याचे डोळे भरून येतील, मला मिठी मारील. तसले काही झाले नाही.

"बसा," ते म्हणाले. डबा सुनेच्या हाती दिला. पिशवीकडे पाहिले. "हवा गेली असेल तिन्हींची."

"गेली आहे," मी म्हणालो. मग सरकारी पत्राची सवय सोडून म्हणालो, "मास्तर, माझं चुकलं."

"चुकलंच," ते म्हणाले. "काढलंत याचं दुःख नाही. म्हातारा झालोय, कधीतरी काढणारच. पण सहा गोल का बसले, हे कुणी एकानं तरी विचारायचं होतं. मी सांगितलं असतं. आपली पोरं चेंडू आला की उजव्या पायावर घ्यायला वळतात. तेवढ्यात तो पोरगा येऊन घेऊन जातो. दोन वर्षं लागतात हे सुटायला. माझं एक वर्ष झालं होतं." थोडे थांबून म्हणाले, "आणि तुमचा नातू तर त्या दिवशी घरीच असायचा."

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी परत याल का म्हणून विचारले. "नाही," म्हणाले. चहा आला. चहा संपला. मग त्यांनीच विचारले, "तो शंकूवाला मुलगा कुठं असतो?"

"पुण्याला."

"त्याची ती शंकूंची कवाईत चांगली होती. मी लांबून बघायचो. मला ती येत नाही. सुट्टीला सोलापूरला आला तर त्याला म्हणावं, मला दाखव." आणि पुन्हा वर्तमानपत्र उचलीत म्हणाले, "दोन वर्षं सभा घ्यायची नाही. कुणाच्या बापानं रेषेवर उभं राहायचं नाही. आजोबानंही नाही. कबूल असेल तर भाऊबीजेनंतर बघू."

कबूल केले. पंक्चरवाल्याकडे नेऊन चेंडूंत हवा भरली. एकाची गेलीच, दोन टिकले. भाऊबीजेनंतरच्या सोमवारी मैदानावर मुले जमली ती सात. सातवा माझा नातू, आणि तो येण्यासाठी त्याच्या आजीने काय कबूल केले ते ती मला सांगत नाही. मास्तर त्याला म्हणाले, "आज डावा पाय," आणि शिट्टी वाजली. पुढे मुले अकरा झाली. पहिल्या सामन्यात त्यांनी चार गोल खाल्ले. मी कुंपणाबाहेर उभा होतो. कुंपण म्हणजे रेषा नव्हे, असा अर्थ मी लावला आहे.

नोव्हेंबरच्या १८ तारखेला ढाक्याला बांगलादेशाने भारताला एका गोलाने हरवले. बावीस वर्षांत आपण त्यांच्याकडून हरलो नव्हतो. आमचे टेबल पुन्हा पेटले. वकीलसाहेब नव्या अर्जदारांची यादी करू लागले. मामा म्हणाले, "गोरा आणा." मग सर्वांनी माझ्याकडे पाहिले, कटू निर्णय सुचवणारा माणूस म्हणून टेबलावर माझी एक पत आहे.

मी विचारले, "गोल कसा बसला?"

कोणालाच नीट सांगता येईना. मग चाचांनी मोबाईल काढला, तो चष्म्याजवळ धरला, आणि आम्ही पाचही जण डोकी एकत्र करून तो गोल पुन्हा पाहू लागलो. त्या दिवशी बिल कोणी दिले ते आठवत नाही; बहुधा उधारीवर असेल.